पांगपासून मागे मोजत: ठाण्याहून थंड वाळवंटातल्या तंबूवस्तीपर्यंत

मनाली-लेह रस्त्यावर सरचू मागे पडलं की पुढे साधारण ८० किलोमीटरवर पांग लागतं. उंची सुमारे ४,६०० मीटर. गाव म्हणावं असं तिथे काही नाही. रस्त्याच्या कडेला तंबूंची रांग, काही पत्र्याच्या खोल्या, जवळच लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प आणि चहूबाजूंनी लडाखचं थंड वाळवंट. बर्फ हटून रस्ता खुला झाला की तंबू उभे राहतात, सप्टेंबरअखेर थंडी वाढायला लागली की उतरतात. शेत नाही, झाड नाही, पेट्रोल पंप नाही. वस्ती आहे ती फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी: ट्रकवाले, जवान, सायकलवाले आणि आपल्याकडून मोटरसायकल घेऊन निघालेली मंडळी.

ठाणे-नवी मुंबईतून लेहला जायचं म्हटलं की बोलणं गाडी, जॅकेट आणि फोटोंवर येतं. जाऊन आल्यावर आमचं मत पक्कं झालंय की सगळा हिशेब पांगवरून मागे करत यावा. पेट्रोल किती, आधीचा मुक्काम कुठे, पहाटे किती वाजता निघायचं, खिशात रोख किती, सगळंच. कारण साधं आहे. पांगच्या एका अंगाला लाचुलुंग ला आहे (ला म्हणजे खिंड), ५,००० मीटरच्या वर. दुसऱ्या अंगाला टांगलांग ला, ५,३२८ मीटर. विरळ हवेने कुणाची तब्येत बिघडली की पहिला उपाय खाली उतरणं. पण पांगहून कुठल्याही दिशेने खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं. हे नकाशावर नीट पाहिलं आणि बेत पुन्हा पहिल्यापासून आखला.

गुढीपाडव्यानंतर कागदपत्रांना हात घातला. मनाली-लेह रस्त्याला भारतीयांना परवाना लागत नाही. रोहतांग खिंडीत वर जायचं असेल तर वेगळा परवाना काढावा लागतो, अटल बोगद्यातून गेलात तर नाही. लेहहून पुढे पँगाँग-नुब्राला जायचं असेल तर पर्यावरण शुल्क ₹४०० आणि दिवसागणिक थोडे पैसे, हे लेह प्रशासनाच्या पोर्टलवर भरता येतात. ती पावती छापून जवळ ठेवा. गाडीची आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स मूळ स्वरूपात घ्या, शिवाय प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. डिजिलॉकर ठाण्यात चालतं, पण वाटेतल्या दारचा नाक्याच्या पुढे नेटच नसेल तर ते उघडणार कसं? गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असेल तर नवी नंबरप्लेट बसवून घ्या. गाडी भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं पत्र आणि आधारची प्रत बरोबर हवी, कारण लेहमध्ये आरसीवरचं नाव बघतात. लेहबाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्या तिथल्या संघटना स्थानिक फिरतीला चालू देत नाहीत. मनालीत गाडी भाड्याने घ्यायचा बेत असेल तर हे आधी लक्षात घ्या.

मोबाइलचं कामही याच टप्प्यावर उरका. महाराष्ट्रातलं प्रीपेड कार्ड लडाखमध्ये चालेल असं धरून निघू नका. घरातला निदान एक नंबर पोस्टपेड करून घ्या, आणि निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन आठवडे आधी. तसंही दारचा ते लेहअलीकडचं उपशी या पट्ट्यात बहुतेक वेळ रेंज नसते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की त्या दिवशी फोन येणार नाही. आमच्याकडे हे सांगून ठेवलं होतं, तरी घरी काळजी झालीच. न सांगता गेलो असतो तर काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

एप्रिलमध्ये डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब, हिमोग्लोबिन, चाळिशीपुढच्यांचा ईसीजी. व्यायामाने दम वाढतो, त्याचा खिंडीत गाडी सावरायला उपयोग होतो. पण येऊरची चढण रोज चढलात म्हणून विरळ हवा बाधणार नाही, असं नसतं. तंदुरुस्त तरुणांनाही ती बाधते आणि पोट सुटलेला पन्नाशीचा माणूस मजेत फिरतो. शरीराला वेळ देणं हाच खरा उपाय. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधारण नियम आहे. मनालीनंतर मुक्कामाला सोयीचं जिस्पा ३,२०० मीटरवर आणि पांग ४,६०० वर. म्हणजे जिस्पाहून निघून त्याच रात्री पांगला झोपणं ही १,४०० मीटरची उडी झाली. सरचूही ४,२०० च्या वरच आहे, तिथे झोपणं फार वेगळं नाही. म्हणून ठरवलं की जाताना पांगला फक्त जेवायचं, मुक्काम करायचा तो परतीत, लेहला शरीर सरावल्यावर.

विरळ हवेच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल सगळेच विचारतात. आम्हाला डॉक्टरांनी १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून दिली. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगायलाच हवं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोड्याचं पेय बेचव लागतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. मनाने गोळ्या सुरू करू नका, आणि डोकं दुखत असताना गोळीच्या भरवशावर आणखी वर जाऊ नका.

गाडी पार्सलने पाठवायची की चालवत न्यायची, यावर बरेच दिवस वाद झाला. जूनमध्ये गुजरात-राजस्थानच्या उन्हातून चालवत गेलं की माणूस मनालीला दमूनच पोचतो, आणि पांग दमलेल्या माणसाची जागा नाही. म्हणून वांद्रे टर्मिनसहून चंडीगड. रेल्वेत दोन प्रकार आहेत. त्याच गाडीचं तुमचं तिकीट असेल तर मोटरसायकल लगेज म्हणून बुक होते आणि बहुधा तुमच्याबरोबरच येते. तिकीट नसेल तर पार्सल. मग जागा मिळेल तेव्हा ती चढते, चार-सहा दिवस इकडेतिकडे होऊ शकतात. शक्यतो लगेजच करा.

२० जूनला सकाळी लवकर वांद्रे टर्मिनसला पोचलो. आरसीची प्रत, ओळखपत्राची प्रत, तिकिटाची प्रत आणि फॉर्म, एवढंच लागतं. खरं काम पॅकिंगचं. टाकी पूर्ण रिकामी हवी. नुसता कॉक बंद करून भागत नाही, पाइप काढून शेवटच्या थेंबापर्यंत पेट्रोल काढतात. रेल्वेत ज्वलनशील माल नेणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, त्यामुळे इथे कुणी सवलत देत नाही आणि देऊही नये. आरसे काढून सॅकमध्ये टाका, हँडल लॉक उघडं ठेवा, नाहीतर हमालांना गाडी उचलून फेकल्यासारखी चढवावी लागते. टाकी, हेडलाइट, इंडिकेटर आणि सायलेन्सरला आधी जुन्या चादरी किंवा फोम आणि त्यावर गोणपाट. पॅकिंगवाले ते सुतळीने आवळून शिवतात. गोणपाटावर मार्करने दोन्ही बाजूंना नाव, मोबाइल, गाडीचा नंबर, कुठून-कुठे हे मोठ्या अक्षरात लिहा आणि तेच एका पुठ्ठ्यावर लिहून हँडलला बांधा. पावसात मार्कर पसरतो, म्हणून पुठ्ठ्यावर सेलोटेप. पॅकिंग आणि भाडं मिळून प्रत्येक गाडीला आम्हाला सहा हजारांच्या आसपास पडले. पावतीवर गाडीची किंमत कमी लिहिली की भाडं थोडं वाचतं, पण काही झालं तर भरपाईही त्याच हिशेबाने मिळते.

चंडीगडला उतरल्यावर पार्सल ऑफिसात मूळ पावती आणि ओळखपत्र दाखवून गाडी सोडवायची. ठरावीक तासांनंतर वार्फेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, चढतं, त्यामुळे आधी हॉटेलात जाऊन अंघोळ वगैरे करत बसू नका. गाडीत पेट्रोल नसतं हे सगळे विसरतात. पाच लिटरचा पत्र्याचा कॅन पुढे लागणारच आहे, तो ठाण्याहूनच रिकामा न्या. तोच घेऊन एकाने रिक्षाने पंपावर जायचं. पांगसाठी घेतलेला कॅन पहिल्यांदा इथे कामाला येतो.

चंडीगड ते मनाली हा प्रवास पावसाळ्यात दरडींचा, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं फार नाही, दिवसाउजेडी करा. मनाली २,०५० मीटर. तिथे आणि मग जिस्पाला, दोन्हीकडे एकेक दिवस जादा राहिलो. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. त्याने रोहतांगचा फेरा वाचवला, पण शरीराला मिळणारा वेळही कमी केला. पूर्वी मनाली-केलाँग यातच दिवस जायचा, आता मनालीत नाश्ता करून निघालेला माणूस दुपारी सरचूला पोचतो आणि रात्री ओकाऱ्या काढतो. जिस्पाचा रिकामा दिवस म्हणूनच गाळू नका. आमच्यातल्या एकाचं डोकं पहिल्या संध्याकाळी ठणकत होतं. दुसऱ्या दिवशी भागा नदीकाठी हिंडला, पाणी पीत राहिला, संध्याकाळपर्यंत उतरलं. तेच डोकं सरचूला दुखलं असतं तर?

केलाँगअलीकडच्या तांदीच्या पंपावर तो प्रसिद्ध फलक आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. लेहअलीकडे कारूला पेट्रोल मिळतं, तरी ३३० किलोमीटर धराच. क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची. सामान, चढ आणि विरळ हवा धरून लिटरला २५ मिळाले तर टाकी ३२५ किलोमीटरला, म्हणजे कारूच्या जरा अलीकडेच संपते, आणि एकदा रस्ता चुकलात किंवा अडकून मागे फिरलात तर त्याच्याही आधी. म्हणून टाकी तोंडापर्यंत आणि कॅनमध्ये पाच लिटर. कॅन सायलेन्सरच्या बाजूला बांधू नका. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि आतला त्यापेक्षा जास्त ठरतो, तेव्हा झाकण उघडताना हळू फिरवा, आणि सिगारेट ओढणाऱ्याला लांब पाठवा. जुनी कार्ब्युरेटरची गाडी वर धापा टाकते कारण तिला हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच जातं. एअर फिल्टर साफ असेल तर फरक पडतो. इंजेक्शनवाल्या गाड्या स्वतःच जमवून घेतात. सुटे भाग म्हणाल तर क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, प्लग, फ्यूज, चेन लिंक, ट्यूब किंवा पंक्चरच्या वाती, हातपंप. पैसे रोख आणि सुटे. केलाँग सोडल्यावर एटीएम नाही, आणि रेंज नसेल तिथे यूपीआय नाही.

रस्त्याची रोजची स्थिती लाहौल-स्पीती पोलीस समाजमाध्यमांवर टाकतात, ती आदल्या रात्री बघा. दारच्याला नोंदणी होते. हंगामाच्या सुरुवातीला आणि रस्ता खराब असला की तिथे ठरावीक वेळेनंतर पुढे सोडत नाहीत.

२८ जूनला पहाटे पाचला जिस्पा सोडलं. इतक्या पहाटे निघायचं ते पाण्यामुळे. झिंगझिंगबार ते भरतपूर या टप्प्यात बर्फ वितळून येणारे नाले रस्त्यावरून वाहतात. सकाळी घोट्याएवढं पाणी, ऊन तापलं की तेच गुडघ्याला लागतं. पाण्यात पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, क्लच अर्धा दाबून ठेवायचा नाही, नजर पलीकडच्या काठावर. मधे थांबलात की दगडात चाक अडकतं. बूट भिजले तर जास्तीचे मोजे वरच्याच कप्प्यात असू द्या, कारण पुढे बारालाचा ला आहे, ४,८०० मीटरच्या वर, आणि वारा ओल्या पायाला सोडत नाही. भरतपूरच्या तंबूत चहा, सरचूला नऊच्या सुमारास नाश्ता. मग गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला, लाचुलुंग ला. त्यानंतरच्या घळीतला रस्ता मात्र खडी, धूळ आणि ट्रक यांनी जीव काढतो. इथे घाई करू नका. पडणारे बहुतेक इथे पडतात, कारण डोकं जड झालेलं असतं आणि पांग जवळ आलं हे कळलेलं असतं.

साडेबाराला पांग. गाडी स्टँडवर लावून हेल्मेट काढलं तरी कुणी बोलेना, सगळे नुसते उभे. हवेतला प्राणवायू इथे ठाण्याच्या ५५-६० टक्के.

तंबूच्या आत तीन बाजूंना गाद्या मांडलेल्या, त्यावर गालिचे, समोर बुटकी रंगीत टेबलं. वर पॅराशूटचं कापड, त्यातून दुधाळ उजेड पाझरतो. चालवणाऱ्या बहुतेक लडाखी बायका. "जुले, आचे-ले" म्हटलं की त्या हसून आधी गरम पाणी पुढे करतात. जुले म्हणजे नमस्कार, आचे म्हणजे मोठी बहीण, तिथे ताईला असंच हाक मारतात. इथे पाणी ८५ अंशाच्या आसपासच उकळतं, त्यामुळे राजमा, डाळ, भात सगळं कुकरमध्ये, आणि तरीही वेळ लागतो. शिट्टी झाली की आचे कुकरवर हात ठेवून अंदाज घेते, झाकण उघडत नाही. एकदा वाफ गेली की पुन्हा दाब धरायला गॅस जाळावा लागतो, आणि सिलिंडर येतो लेहहून, १७५ किलोमीटरवरून. मॅगी लवकर होते म्हणून सगळे तीच मागतात, पण राजमा-भात तयार असेल तर तोच घ्या. आम्हाला थाळीचे १५० लागले. माल तिथवर कसा येतो हे पाहिलं की भाव करायची इच्छाच होत नाही. लोणी-मिठाचा गुडगुड चहाही प्या, घशाला बरं वाटतं.

दीडला निघालो. पांगहून पाच-सहा किलोमीटर चढ आणि मग मोरे मैदान, चाळीसेक किलोमीटर जवळजवळ सरळ रस्ता. इथे वेग वाढतो आणि झोप येते, दोन्हीला आवर घाला. टांगलांग लावर पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलो नाही. संध्याकाळी उपशी, साधारण ३,४०० मीटर, तिथेच मुक्काम. थेट लेह गाठायचा हट्ट नको. उपशीला रात्र शांत गेली आणि डोकेदुखी उतरली.

लेहचे दिवस इथे सांगत नाही. परतीत, १० जुलैला, पांगला राहिलो आणि ती रात्र आम्हा सगळ्यांना प्रवासातली सगळ्यात मोलाची वाटते. दुपारी तीननंतर असा वारा सुटतो की कापड रात्रीपर्यंत फडफडत राहतं. गादी-रजईचे माणशी ४००. सहा-सातच्या सुमारास जेवून घ्या, हलकं, दारू अजिबात नाही. शौचालय तंबूच्या मागे, खड्ड्याचं; टॉर्च डोक्याला बांधायची न्या आणि रात्री उठताना झटकन उभं राहू नका. बुखारी (तंबू गरम ठेवायची शेगडी) किंवा गॅसची शेगडी आत पेटती असेल तर तंबूचा पडदा थोडा उघडा ठेवायलाच हवा. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि त्याची डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीसारखीच वाटते. झोपायच्या आधी शेगडी विझवा. रजया जाड असतात, पुरतात.

रात्री शेजारच्याचा श्वास मधेच थांबतो, दहा-पंधरा सेकंद काही ऐकू येत नाही, मग मोठा श्वास आणि पुन्हा सुरळीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छातीत धस्स झालं. उंचीवर झोपेत हे पुष्कळांना होतं आणि एरवी माणूस ठीक असेल तर घाबरायचं कारण नसतं. बोटाला लावायच्या, रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्रावर ८०-८५ आकडा दिसला म्हणूनही पळापळ नको, माणूस बघा. डोकेदुखीबरोबर ओकाऱ्या, बसल्या जागी धाप, न थांबणारा खोकला, असंबद्ध बोलणं ही खरी धोक्याची चिन्हं. सरळ रेषेत टाचेला पाऊल लावत चालायला सांगा. तोल जात असेल तर सकाळची वाट पाहू नका. लष्कराच्या कॅम्पमध्ये वैद्यकीय मदत आणि प्राणवायू मिळतो. अडलेल्या माणसाला ते परत पाठवत नाहीत. प्राणवायू देऊन स्थिर केलं की मगच खिंड ओलांडून खाली न्यायचं, आणि तेही मोटरसायकलवर मागे बसवून नव्हे, बंद गाडीतून. ही सोय आहे म्हणून निष्काळजीपणा करणं मात्र जवानांवर अन्याय आहे. तो कॅम्प त्यांच्यासाठी आहे.

सकाळी तंबूमागे प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग दिसला आणि फार वाईट वाटलं. तिथे कचरा उचलायला कुठली नगरपालिका येणार? स्टीलच्या बाटल्या न्या, उकळलेलं पाणी मागून भरा आणि त्याचे पैसे द्या. आपली वेष्टनं आपणच मनालीपर्यंत परत आणा. नुसतं शौचालय वापरून, काही न घेता निघून जाणारे गटही बघितले. निदान चहा तरी घ्या. चार महिन्यांच्या हंगामावर त्यांचं वर्ष चालतं, आणि त्या तिथे बसतात म्हणून आपण हा रस्ता ओलांडू शकतो.

परतीत मनालीच्या दिशेने निघताना वेळेचा हिशेब बदलतो. पांगहून सहाला निघालात तरी बारालाच्याचे नाले दुपारी लागतात, त्यामुळे सरचूला रेंगाळू नका. तांदीला टाकी भरली, कॅनमधलं उरलेलं पेट्रोल त्याआधीच टाकीत ओतून टाकलं होतं. चंडीगडला पुन्हा तेच सोपस्कार: टाकी रिकामी, गोणपाट, पुठ्ठा. फक्त यावेळी पुठ्ठ्यावर शहराबरोबर वांद्रे टर्मिनस हे स्टेशन पूर्ण लिहा. नुसतं मुंबई लिहिलं तर गाडी कुठल्या टर्मिनसला उतरेल याचा भरवसा नाही. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात एअर फिल्टर, चेन आणि ब्रेक पॅड बघून घ्या. आमच्या फिल्टरमधून मोरे मैदानाची पिठासारखी धूळ निघाली, आणि ती तशीच राहिली असती तर ठाण्याच्या पावसात तिचा चिखल झाला असता.